कोपरा नेमक्या आकड्यावर नेताना: टाईप करायचं की खुंटी ठोकायची?

आर्किटेक्टचा प्लॅन शून्य-शून्याच्या आसपास काढलेला असतो. मोजणीवाला डीजीपीएस (उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र) लावून जागेचे कोपरे पाठवतो, त्यात पूर्वेचा आकडा चार लाखांच्या घरात आणि उत्तरेचा वीस लाखांच्या पुढे. आता हा प्लॅन उचलायचा आणि त्याचा अमुक कोपरा त्या अमुक आकड्यावर नेऊन ठेवायचा, मिलिमीटरचा फरक न पडता. ऑटोकॅडवर (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) वर्षभर हात बसलेल्या माणसाला हे दोन मिनिटांचं काम. पण ते करायच्या वाटा चार आहेत. ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, “सर, तुम्ही कुठल्या वाटेने जाता?”

मी एका वाटेने जातो, आणि तिच्यावर यायला मला एक ऊसाचा फड तुडवावा लागला. तो किस्सा पुढे येईलच. माझी कामं लहान: प्लॉटिंगचे लेआउट, फार्महाऊस, गोडाऊन, मधूनच एखादी शाळेची इमारत. पूल-बोगदे करणाऱ्यांचं गणित वेगळं असेल, त्यांनी माझं ऐकायलाच हवं असं नाही.

चारपैकी दोन वाटा लवकर उरकतो, कारण त्यांच्याबद्दल फारसा वाद नाही.

पहिली, फरक टाकून सरकवणं. मूव्ह कमांड, वस्तू निवडली, मग डी दाबून डिस्प्लेसमेंट. किती पूर्वेला आणि किती उत्तरेला जायचं तो फरक द्यायचा. इथे दिलेला आकडा कायम फरकच मानला जातो, त्यामुळे ॲटचं चिन्ह (@, म्हणजे ‘इथून इतकं पुढे’) लावा न लावा असला घोळ नाही. मागच्या वेळचा फरक कमांड लक्षात ठेवते आणि तो पुढेही करते. त्यामुळे प्लॅन सरकवला, मग आठवलं की पाण्याच्या लाइनी राहिल्या, तर त्या निवडून तोच फरक पुन्हा देता येतो. फार सोयीचं आहे ते. अडचण एवढीच की फरक आधी काढावा लागतो. म्हणजे कॅल्क्युलेटर आला, कागदावर वजाबाकी आली, आणि वजाबाकीत उणे-अधिक उलटं पडलं की प्लॅन बरोब्बर विरुद्ध दिशेला. ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा नाही त्यांनी जरूर वापरावी. मला आहे.

दुसरी, प्रॉपर्टीज पॅलेट. कंट्रोल-१ दाबा, ब्लॉकची (एकत्र बांधून एक केलेल्या वस्तूंची) पोझिशन किंवा वर्तुळाचं केंद्र दिसतं, त्या चौकटीत आकडा बदला, एंटर. वस्तू तिथे जाऊन बसते. बोअरवेलचं चिन्ह, विजेचा खांब, मॅनहोल, असल्या सुट्या वस्तूंना यासारखं सोपं काही नाही. शिवाय आकडा समोर लिहिलेलाच राहतो. दहा खांब एकदम निवडून त्यांचा वाय (उत्तरेचा आकडा) एकच करून टाकला की सगळे एका ओळीत उभे राहतात, ही करामत मला आजही आवडते. (एक्स आणि वाय दोन्ही एकदम बदलले तर दहाही खांब एकावर एक बसतात आणि खांब एकच दिसतो. हेही मी केलेलं आहे.) पण आपल्याला न्यायचाय अख्खा प्लॅन: भिंती, दारं, हॅच, मापं, अक्षरं, सगळं मिळून तीन-चार हजार वस्तू. असा खिचडी माल निवडला की पॅलेटमधून जॉमेट्रीचा भागच गायब होतो. प्लॅनचा ब्लॉक करून मग न्यावा, हे म्हणणं ठीक आहे, पण त्या ब्लॉकचा बेस पॉइंट (जिथे धरून तो हलतो तो बिंदू) हव्या त्याच कोपऱ्यावर हवा. म्हणजे फिरून तिथेच आलो.

उरल्या दोन. खरी निवड यांच्यातच आहे.

एक म्हणजे सरळ मूव्ह: कोपरा पकडायचा आणि दुसऱ्या बिंदूसाठी जिथे जायचं तो कोऑर्डिनेट (पूर्व-उत्तरेचे आकडे) टाईप करायचा. दुसरी म्हणजे त्या कोऑर्डिनेटवर आधी एक पॉइंट टाकायचा, आणि मग कोपरा त्या पॉइंटला स्नॅप करून, म्हणजे नेमका चिकटवून, न्यायचा. आमच्या ऑफिसात या दुसरीला ‘खुंटी ठोकून नेणं’ म्हणतात. जागेवर मोजणीची माणसं लोखंडी खुंटी ठोकून वर रंगाचा ठिपका देतात, तीच गोष्ट पडद्यावर.

कागदावर पाहिलं तर यातली पहिली, सरळ टाईप करायची वाट निःसंशय सरस आहे. एक पायरी कमी, ड्रॉइंगमध्ये जास्तीचा कचरा नाही. मीही कित्येक वर्षं तीच वापरली. आणि ती बिनचूक चालायचीही.

बिनचूक का चालायची, ते पुढे कळलं.

काम पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूचं, एका गोडाऊनचं. मोजणीचा कोपरा होता पूर्व ४०८२१५.३४०, उत्तर २०४४६३०.११५. प्लॅनचा कोपरा पकडला, आकडे टाईप केले, एंटर. प्लॅन उडाला, झूम एक्स्टेंट्स केलं (सगळं ड्रॉइंग पडद्यावर आणलं), मोजणीच्या रेघांच्या आत बसलेला दिसला. जागा मोठी होती, गोडाऊन तिच्या मानाने लहान, त्यामुळे थोडं इकडे-तिकडे झालं असतं तरी डोळ्याला खटकलं नसतं. शीट काढली, पाठवली. लाइनआउटच्या, म्हणजे जागेवर चुन्याने आखणी करायच्या दिवशी मी हजर होतो. चुना पडायला लागला आणि एका बाजूची रेघ बांध ओलांडून शेजारच्या फडात शिरली. शेजारी काठावर उभे राहून बघत होते. शांतपणे म्हणाले, “साहेब, ही भिंत आमच्या ऊसात बांधताय व्हय?”

साडेबारा मीटर पूर्वेला आणि आठ मीटर उत्तरेला. दोन्ही मिळून तिरकं जवळपास पंधरा मीटर. मोजणीवर खापर फोडायला मी तयारच होतो, पण मोजणीवाल्यांनी टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावून माझ्यासमोर पुन्हा मोजलं. त्यांचं सगळं जागच्या जागी होतं. चूक माझीच, आणि ती कशी झाली ते मला ऑफिसात परत येऊन प्लॅनच्या मूळ फाइलमध्ये तो कोपरा आयडी कमांडने (ती बिंदूचे आकडे सांगते) विचारेपर्यंत कळलं नाही. आर्किटेक्टने कागदाला समास सोडून प्लॅन काढला होता. कोपरा शून्य-शून्यावर नव्हताच. तो होता १२.५, ८ वर.

ऑटोकॅडमध्ये २००६ च्या आवृत्तीपासून डायनॅमिक इनपुट आहे, कर्सरच्या शेजारी आकड्यांच्या चौकटी उघडतात ते. ते चालू असताना कमांडचा पहिला बिंदू अॅब्सोल्यूट समजला जातो, पण दुसऱ्यापासून पुढचा प्रत्येक बिंदू, तुम्ही काही न सांगता, रिलेटिव्ह. म्हणजे मी टाईप केलं ‘या ठिकाणी जा’ आणि त्याने ऐकलं ‘इथून इतकं पुढे जा’. कोपरा शून्य-शून्यावर असला की दोन्हींचं उत्तर एकच येतं. माझे तोवरचे बहुतेक प्लॅन शून्यापासून काढलेले, म्हणून माझी पद्धत बरोबर ठरत आली होती. बंद पडलेलं घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, त्यातलाच प्रकार.

मला खुपलं ते हे. रिलेटिव्ह असणं ही चूक नाही. भिंत काढताना तेच हवं असतं, नाहीतर प्रत्येक रेघेला ॲट लावत बसावं लागलं असतं. खुपतं ते असं की तोच आकडा, तीच कमांड, तेच बोट, आणि अर्थ मात्र एफ१२ (डायनॅमिक इनपुटची कळ) चालू आहे की बंद यावर ठरतो. डायनॅमिक इनपुट बंद असेल तर कमांड लाइनवर लिहिलेला तोच कोऑर्डिनेट अॅब्सोल्यूट. चालू असेल तर रिलेटिव्ह. नव्या आवृत्त्यांत त्याचा आयकॉन स्टेटस बारवर बहुधा दिसतही नाही, तीन रेघांच्या मेनूतून बाहेर काढावा लागतो. आणि एंटर दाबल्यावर तुम्ही काय लिहिलं होतं आणि त्याचा काय अर्थ लागला, याचा ड्रॉइंगमध्ये मागमूस राहत नाही. महिन्याने फाइल उघडणाऱ्याला एवढंच दिसतं की प्लॅन आहे. योग्य जागी आहे का, हे विचारायला समोर काहीच नाही.

याच्यावर उतारे आहेत, आणि ते मला माहीत नाहीत असं नाही. आकड्याआधी हॅश (#) लावला की चालू डायनॅमिक इनपुटमध्येही तो अॅब्सोल्यूट होतो. किंवा डायनपीआयकोऑर्ड्स नावाचा व्हेरिएबल १ करून टाकायचा, मग चौकटीतला आकडा मुळातच अॅब्सोल्यूट. किंवा एफ१२ बंद करून टाकायचं आणि जुन्या माणसांसारखं खाली कमांड लाइनकडे बघून काम करायचं. हे तिन्ही मी काही काळ करून पाहिले.

हॅश विसरतो. दिवसाला एकदाच लागणारी गोष्ट बोटात मुरत नाही. व्हेरिएबलचं म्हणाल तर तो ड्रॉइंगमध्ये साठत नाही, मशीनमध्ये साठतो. माझ्या टेबलावर एक, मुलांच्या टेबलांवर तीन, क्लायंटकडे बसून काम करायची वेळ आली तर तिथला कुठलातरी. विंडोज नव्याने टाकलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात. एफ१२ बंद ठेवलं तर नव्या मुलांचे हातपाय बांधल्यासारखे होतात, कारण ती शिकलीच त्या चौकटींवर. सेटिंगने सुटणारी अडचण आहे हे मान्य, पण मला असं काहीतरी हवं होतं जे कोणाच्याही मशीनवर, सेटिंग न विचारता, एकाच अर्थाने चालेल.

सरळ मूव्हचा आणखी एक नखरा आहे, तो सर्वांनाच ठाऊक असेल, तरी सांगतो. बेस पॉइंट पकडला, आणि दुसरा बिंदू द्यायच्या आधी चुकून एंटर दाबला, तर ऑटोकॅड बेस पॉइंटचाच कोऑर्डिनेट फरक म्हणून वापरतं. शून्याजवळ काम करताना याने फारसं बिघडत नाही. पण प्लॅन एकदा मोजणीच्या आकड्यांवर गेला, आणि तिथे हा एंटर पडला, तर कोपरा जातो ८१६४३०.६८०, ४०८९२६०.२३० ला, म्हणजे सगळं दुप्पट. झूम एक्स्टेंट्स केलं की काळ्या पडद्यावर दोन टोकांना दोन ठिपके. नवीन मुलगा घाबरून फाइल बंद करतो, आणि बंद करताना सेव्ह विचारलं की हो म्हणतो.

आता खुंटीकडे येऊ.

पॉइंट कमांड द्यायची, पूर्व, स्वल्पविराम, उत्तर लिहायचं, एंटर. पॉइंट कमांड एकच बिंदू मागते. आणि पहिला बिंदू, वर म्हटलं तसं, डायनॅमिक इनपुट चालू असो वा बंद, अॅब्सोल्यूटच असतो. एफ१२ चा प्रश्नच मिटला. हॅश लागत नाही, सेटिंग लागत नाही. मग मूव्ह, कोपरा एंडपॉइंटने पकडायचा, दुसरा बिंदू म्हणून खुंटीला नोड स्नॅप (पॉइंटला चिकटणारा). आकडा एकदाच लिहिला, आणि तो अशा जागी लिहिला जिथे त्याचा एकच अर्थ निघतो. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं.

पुढचा फायदा मला नंतर लक्षात आला. मोजणीवाला एक कोपरा कधी देत नाही, चार-सहा देतो. सगळ्यांच्या खुंट्या ठोकल्या की जागेचा आकार पडद्यावर उभा राहतो, आणि एखादा आकडा चुकला तर ती खुंटी रांगेतून बाहेर फेकली जाते. पूर्व-उत्तर उलटं लिहिणं ही तर नेहमीचीच चूक. टोटल स्टेशनमधून येणाऱ्या यादीत बहुतेकदा उत्तर आधी आणि पूर्व नंतर असते, ऑटोकॅडला एक्स म्हणजे पूर्व आधी हवी. यूटीएममध्ये (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये आकडे देणारी पद्धत) आपल्याकडे पूर्वेचा आकडा सहा अंकी येतो आणि उत्तरेचा सात अंकी, हे एकदा डोक्यात बसलं की यादी बघूनच कळतं. तरी घाईत उलटं पडतंच. सरळ मूव्हमध्ये असं झालं तर प्लॅन दुसऱ्या प्रांतात जातो आणि तुम्ही तो शोधत बसता. खुंटी चुकली तर ती पुसून दुसरी ठोका, प्लॅन अजून जागचा हललेलाही नसतो.

(विदर्भात काम करणाऱ्यांनी एक जास्तीचं बघावं. ७८ अंश रेखांशावर यूटीएमचा पट्टा बदलतो. अमरावती ४३ मध्ये आहे, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. एकाच कामातल्या दोन याद्या दोन पट्ट्यांतल्या निघाल्या तर खुंट्या एकमेकींपासून कित्येक किलोमीटर दूर पडतात. निदान पडद्यावर दिसतं तरी.)

दुसऱ्या खुंटीचा खरा उपयोग म्हणजे फिरवणं. एका कोपऱ्यावर प्लॅन बसला म्हणजे तो बसला असं नाही, उत्तरेकडे दोन अंश तिरका असू शकतो. दोन कोपरे दोन खुंट्यांवर न्यायला अलाइन कमांड आहे: पहिला कोपरा, पहिली खुंटी, दुसरा कोपरा, दुसरी खुंटी, एंटर. शेवटी ती विचारते, मापाप्रमाणे स्केल करू का? तिथे कृपा करून नाही म्हणा. प्लॅनमध्ये कोपऱ्यांतलं अंतर शंभर मीटर असेल आणि मोजणीच्या आकड्यांवरून ते ९९.९६ निघालं, तर मोजणी चुकली असं लगेच समजू नका. यूटीएमचा प्रक्षेप मध्यरेषेवर मुळातच ०.९९९६ पट, म्हणजे थोडा आकसलेला असतो, त्यात आपलं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, त्याचं थोडं आणखी. त्या गोडाऊनच्या भागात दोन्ही मिळून शंभर मीटरला चारेक सेंटीमीटर येतात. हो म्हटलं तर अलाइन तुमचं अख्खं गोडाऊन तेवढं लहान करून टाकते, कॉलमसकट. पहिला कोपरा खुंटीवर अचूक, दुसरा त्याच दिशेत पण तीन-चार सेंटीमीटर पुढे, असं दिसलं तर ते निरोगी लक्षण आहे. पण फरक अर्ध्या मीटरचा असेल तर कुणाचं तरी चुकलंय, फोन लावा. सरळ आकडा टाईप करणाऱ्याला हा फरक दिसतच नाही, कारण त्याने दुसऱ्या कोपऱ्याकडे बघितलेलंच नसतं.

खुंटीच्या तक्रारीही सांगायला हव्यात, नाहीतर मी तिची एजन्सी घेतल्यासारखं वाटेल.

पहिली, ती दिसत नाही. पॉइंटचा मूळचा नमुना म्हणजे एक टिंब, रेघांच्या गर्दीत सापडत नाही. पीडीमोड (पॉइंटचा नमुना ठरवणारं सेटिंग) ३५ करा, गोलातली फुली दिसते. दुसरी तक्रार जास्त त्रासाची: नव्या मशीनवर ऑब्जेक्ट स्नॅपच्या यादीत नोडला सहसा टिक नसते. तुम्ही कोपरा खुंटीजवळ नेता, फुलीच्या मधोमध क्लिक करता, वाटतं बसला. बसलेला नसतो, चार-पाच मिलिमीटर बाजूला असतो, आणि ते झूम करून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणजे एफ१२ च्या कटकटीतून सुटून नोडच्या कटकटीत सापडलो, असं कुणी म्हणालं तर मी फार भांडणार नाही. फरक एवढाच की ही चूक मिलिमीटरची असते, ती ऊसापर्यंत जात नाही. आणि स्नॅप लागला की हिरवी खूण दिसते, न लागल्यावर दिसत नाही. निदान डोळ्यांना विचारता येतं.

तिसरी, उंची. मोजणीच्या यादीत तिसरा आकडा झेडचा असतो. त्यासकट खुंटी ठोकली की प्लॅन स्नॅप होताना साडेपाचशे मीटर वर उचलला जातो. वरून बघताना काही कळत नाही, पण मग बांधापासून भिंतीपर्यंत माप घेतलं की सहा मीटरऐवजी साडेपाचशे येतं आणि फिलेट, ट्रिम (रेघा जोडायच्या-कापायच्या कमांडी) सगळं रुसतं. मी खुंटीला झेड देतच नाही, फक्त एक्स आणि वाय. ज्यांना उंचीसकट पॉइंट ठेवायचेच आहेत त्यांनी ऑस्नॅपझेड १ करून घ्यावं, स्नॅप केलेला बिंदू जमिनीवरच राहतो.

आणि एक गोष्ट जी खुंटीही वाचवू शकत नाही: यूसीएस, म्हणजे वापरणाऱ्याने ठरवलेले अक्ष. कुणी आधी काम करताना यूसीएस फिरवून ठेवला असेल, तर टाईप केलेला आकडा त्या फिरवलेल्या अक्षावर मोजला जातो, मूव्हमध्येही आणि पॉइंटमध्येही. त्याला इलाज यूसीएस वर्ल्ड करून सुरुवात करणं, किंवा आकड्याआधी तारा (*) लावणं. मी पहिलं करतो, कारण ताराही मी हॅशसारखाच विसरतो.

खुंट्या पन्नास-शंभर असतील तर एकेक टाईप करत बसू नका. एक्सेलमध्ये पूर्व आणि उत्तर स्वल्पविरामाने जोडून पॉइंट कमांडसकट स्क्रिप्ट फाइल बनते. मात्र स्क्रिप्ट चालवताना एफ३ ने स्नॅप बंद ठेवा. हाताने टाईप केलेल्या आकड्याला ऑटोकॅड स्नॅपपेक्षा मान देतं, पण मूळच्या सेटिंगमध्ये स्क्रिप्टला ती सवलत नाही. खुंटी शेजारच्या रेघेच्या टोकाला जाऊन चिकटते आणि तुम्ही मोजणीवाल्याला शिव्या घालता.

खुंट्यांचा स्वतंत्र लेयर ठेवावा, प्लॉट बंद केलेला. त्यामुळे छापील शीटवर फुल्या येत नाहीत. क्लायंटला फाइल देताना काही जण तो पुसून टाकतात, मी ठेवतो. त्या गोडाऊननंतर एकदा दुसऱ्याच कामात, वर्षभराने, जागेवरून फोन आला की कोपरा जुळत नाही. फाइल उघडली, खुंटी जागेवर, कोपरा खुंटीवर, आयडीचा आकडा यादीशी जुळणारा. दोन मिनिटांत सांगितलं की आपल्याकडचं बरोबर आहे, तुमच्याकडचा कंट्रोल पॉइंट (मोजणीचा आधारबिंदू) बघा. त्यांच्याकडे खरंच जुना पॉइंट धरला होता. टाईप करून नेलेला असता तर मी पुन्हा वजाबाक्या करत बसलो असतो, आणि स्वतःवरच संशय घेतला असता.

एक बाब दोन्ही वाटांना लागू आहे. प्लॅन मिलिमीटरमध्ये असेल तर आधी ०.००१ ने स्केल करा, मग हलवा. मिलिमीटरमध्येच तिकडे नेला तर उत्तरेचा आकडा दहा अंकी होतो, हॅच फाटतात, गोल कोनाकोनाचे दिसतात. आणि आर्किटेक्टची मूळ फाइल शून्याजवळच राहू द्या, हलवायची ती प्रत.

ऑटोकॅड न वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. लिब्रेकॅडमध्ये माझी एफ१२ ची तक्रार लागूच होत नाही. नुसता एक्स-वाय म्हणजे अॅब्सोल्यूट, ॲट लावला की रिलेटिव्ह झिरोपासून (शेवटी धरलेल्या बिंदूपासून), अर्थ एकच. तिथे सरळ टाईप करून नेणं पूर्ण विश्वासाचं आहे. त्याच्या बदल्यात दर मूव्हनंतर ‘मूळ ठेवू की पुसू’ असं विचारणारी खिडकी उघडते, ती माझ्या हाताला आवडत नाही, पण ऊसात पाठवत नाही हेही खरं. शिवाय ते डीएक्सएफमध्ये साठवतं, आणि आमच्याकडे समोरच्याला डीडब्ल्यूजीच हवं असतं. फ्रीकॅडच्या ड्राफ्टमध्ये हलवताना रिलेटिव्हचा चौकोन समोरच असतो, टिक आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. स्केचअपमध्ये चौकोनी कंसात आकडे दिले की अॅब्सोल्यूट, टोकदार कंसात दिले की रिलेटिव्ह. हिशोब स्वच्छ. त्या मानाने ऑटोकॅडने आपल्या सवयीवर फारच भरवसा टाकलाय.

तर तुम्ही कुठली घ्यावी? एकट्याने, एकाच मशीनवर, रोज तेच काम करत असाल आणि डायनपीआयकोऑर्ड्स एकदा लावून विसरणार असाल, तर सरळ टाईप करा. त्यात काही वाईट नाही, वेळ वाचतो. सुट्या खांब-विहिरींना प्रॉपर्टीज. एकदा बसवलेल्या प्लॅनच्या मागून आणखी काही न्यायचं राहिलं तर डिस्प्लेसमेंट, मी आजही तेच करतो. पण फाइल चार हातांतून जाणार असेल, कोपऱ्यावर चुना पडणार असेल, आणि आकडे दुसऱ्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेले असतील, तर मला खुंटीशिवाय झोप येत नाही. पायरी एक जास्त आहे, ती मी आनंदाने चढतो.

ऑफिसात नवीन मुलगा आला की त्याच्या मशीनवर पहिल्या दिवशी नोडला टिक करतो आणि पीडीमोड ३५ लावून देतो. एफ१२ ला मी हात लावत नाही, ती ज्याची त्याची सवय.